‘सोडून द्या’ म्हणणारे वाङ्मय

समाजमाध्यमे सोडून द्यावीत असे सांगणारे एक स्वतंत्र वाङ्मय गेल्या आठ-दहा वर्षांत इंग्रजीत उभे राहिले आहे. समाजमाध्यमांवरील खाती आत्ताच्या आत्ता का बंद करावीत याची दहा कारणे देणारे जॅरन लॅनिअर यांचे पुस्तक २०१८ साली निघाले. कॅल न्यूपोर्ट यांचे ‘डिजिटल मिनिमलिझम’ आणि निर एयाल यांचे ‘इनडिस्ट्रॅक्टेबल’ ही दोन्ही २०१९ ची. २०२० साली ‘द सोशल डिलेमा’ हा माहितीपट नेटफ्लिक्सवर आला आणि ज्यांनी यातले एकही पुस्तक पाहिलेले नव्हते त्यांच्याही तोंडी ही भाषा आली. रविवारच्या पुरवण्या, शिक्षकांचे प्रशिक्षणवर्ग, व्याख्यानमाला अशा वाटांनी हा विचार झिरपत झिरपत तालुक्याच्या गावापर्यंत पोचला आहे. मी जेथे शिकवते तेथे मोबाईलचे व्यसन नि आजचा तरुण या विषयावर दरवर्षी एक तरी व्याख्यान होते. वक्ता बदलतो, व्याख्यान बदलत नाही.

हे वाङ्मय आपण तपासले पाहिजे असे मला वाटते. उपदेश करणाऱ्या प्रत्येक वाङ्मयात एक माणूस गृहीत धरलेला असतो. त्याचे घर, त्याचा फावला वेळ, त्याचे शेजारी, त्याच्या ओळखीपाळखी हे सारे लेखकाच्या मनात आधीच ठरलेले असते आणि उपदेश त्या मापाने बेतलेला असतो. तो अंगरखा दुसऱ्याच्या अंगात बसला नाही की दोष अंगाला दिला जातो. वाङ्मयाच्या बाबतीत हा अनुभव आपल्याला नवा नाही. म्हणून ‘सोडून द्या’ असे कोण, कोणाला आणि कोठे उभे राहून सांगतो आहे हा प्रश्न येथेही विचारला पाहिजे.

मात्र या वाङ्मयात जे खरे आहे ते आधी नि:संकोच मान्य केले पाहिजे. फोन हातातून सुटत नाही याचे कारण माणसाचा आळस किंवा आजच्या पिढीची अधोगती हे नव्हे, तर ते यंत्र सुटू नये अशाच रीतीने बनवलेले आहे, हे या लेखकांनी पुराव्यानिशी दाखवले. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरे नि उंदीर यांवर जे प्रयोग केले त्यांचा मोठा ग्रंथ १९५७ साली फर्स्टर यांच्यासह प्रसिद्ध झाला. त्यातून दिसले ते असे की दाणा कधी मिळेल हे ठरलेले नसले म्हणजे कबुतर चोच मारीतच राहते आणि दाणा अजिबात बंद केल्यावरही कितीतरी वेळ मारीत राहते. ठरलेल्या दाण्यापेक्षा अनिश्चित दाणा प्राण्याला अधिक घट्ट बांधतो. जुगाराचे यंत्र याच तत्त्वावर चालते. नताशा डाऊ शूल या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने लास व्हेगास शहरात वर्षानुवर्षे जुगाऱ्यांमध्ये वावरून २०१२ साली ‘ॲडिक्शन बाय डिझाइन’ हा ग्रंथ लिहिला. माझ्या मते या सगळ्या विषयावरचा तो सर्वांत मोलाचा ग्रंथ आहे, आणि त्यात समाजमाध्यमांची चर्चा जवळजवळ नाहीच. यंत्रापुढे बसलेली माणसे जिंकण्यासाठी खेळत नाहीत, असे तिला आढळले. त्या तंद्रीत राहायला मिळावे म्हणून ती खेळतात. मध्येच मोठी रक्कम लागली तर खेळात खंड पडतो म्हणून काहींना जिंकल्याचाच राग येतो. पैसा, घर, भूक, उद्याची काळजी यांतले काहीही जेथे पोचत नाही अशी ती जागा असते.

फोनच्या पडद्यावर बोट खाली ओढले की नवे काही येते किंवा येत नाही. ही क्रिया आणि जुगाराच्या यंत्राचा दांडा ओढण्याची क्रिया एकच आहे, हे गूगलमध्ये काम करून बाहेर पडलेल्या ट्रिस्टन हॅरिस यांनी सांगितले. पान संपूच नये, बोट फिरवीत राहावे तसतसे खालून नवे येत राहावे ही युक्ती एझा रास्किन यांनी २००६ साली बसवली, आणि पुढे त्यांनीच तिच्याबद्दल खेद व्यक्त केला. फेसबुकवरचा लाईकचा अंगठा फेब्रुवारी २००९ चा. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितले की माणसाच्या मनातल्या एका दुबळेपणाचा फायदा आपण घेतो आहोत हे बनवणाऱ्यांना ठाऊक होते, आणि तरीही त्यांनी ते केले.

आपल्याकडे ही गोष्ट समजून घ्यायला लास व्हेगासला जाण्याचे कारण नाही. मुंबईच्या गिरणगावात १९६० नंतर मटका फोफावला आणि तेथून तो महाराष्ट्रभर पसरला. लहानपणी आमच्या वस्तीत आकडा लावणारी माणसे मी पाहिली आहेत. आदल्या रात्रीचे स्वप्न, बसच्या तिकिटाचा क्रमांक, मेलेल्या माणसाचे वय, कशातूनही आकडा काढीत. त्यात मजुरी गेली, घरे गेली. परंतु मटक्याला ओपन होता तसा क्लोज होता. आकडा फुटला की त्या दिवसापुरते संपत असे आणि माणूस हरलेला का होईना, घरी जात असे. हातातल्या या यंत्राला क्लोज नाही. मटकेवाल्यांना जे सुचले नाही ते या अभियंत्यांना सुचले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पंचशीलातील पाचवे शील आपण लहानपणापासून म्हणत आलो. त्यात मद्याच्या बरोबरीने ‘पमादट्ठान’ असा शब्द आहे. पमाद म्हणजे बेसावधपणा, गाफीलपणा. आणि ठान म्हणजे ठिकाण. या शब्दाचा पारंपरिक अर्थ सांगण्याचा अधिकार पालीच्या अभ्यासकांचा आहे. मला त्यात एक सूचना दिसते ती एवढीच की गाफीलपणाला एक ठिकाण असते, ते ठिकाण कोणीतरी मांडलेले असते, आणि म्हणून व्यसनाचा विचार करताना पिणाऱ्याबरोबर गुत्ताही पाहिला पाहिजे. ‘सोडून द्या’ म्हणणाऱ्या वाङ्मयातला चांगला भाग गुत्ता दाखवतो. त्याच्या उपदेशाची वेळ आली की मात्र गुत्ता दिसेनासा होतो आणि पिणाऱ्याचा निश्चय तेवढा उरतो.

निर एयाल यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. २०१४ साली त्यांनी ‘हुक्ड’ नावाचे पुस्तक लिहिले. गिऱ्हाइकाला सवय कशी लावावी हे त्यात चार पायऱ्यांनी कंपन्यांना शिकवले आहे. आधी टोचणी, मग कृती, मग कधी मिळेल कधी न मिळेल असे बक्षीस, आणि शेवटी गिऱ्हाइकाने स्वतःचे काहीतरी त्यात गुंतवणे. पाच वर्षांनी याच गृहस्थांनी त्याच गिऱ्हाइकांसाठी ‘इनडिस्ट्रॅक्टेबल’ लिहिले, आणि लक्ष विचलित होण्याची मुळे तुमच्या मनातल्या अस्वस्थतेत आहेत, वेळापत्रक आखा, असे त्यांना सांगितले. एकाच दुकानात विष आणि उतारा दोन्ही मिळतात. दुकानदाराला आपण अप्रामाणिक म्हणू शकत नाही, कारण दोन्ही बाटल्यांवर त्याने आपलेच नाव स्वच्छ लिहिले आहे. परंतु जबाबदारी कोठून कोठे सरकली ते पाहावे. पहिल्या पुस्तकात सवय लावणारा कर्ता आहे, दुसऱ्यात सवय लागलेला. मुलगा शिकला नाही तर त्याच्यात बुद्धी नाही, शाळेत काही कमी नाही, असे म्हणणाऱ्या शिक्षकाची आठवण मला येथे झाल्यावाचून राहत नाही.

न्यूपोर्ट यांचे पुस्तक याहून गंभीर आहे. ते जॉर्जटाउन विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवतात आणि त्यांनी स्वतः समाजमाध्यमांवर कधी खातेच काढले नाही. (आजन्म न पिणाऱ्याने दारू सोडण्याचे शास्त्र सांगावे यात चूक काही नाही, पण ऐकणाऱ्याला ते माहीत असावे.) तीस दिवस सारे काही बंद ठेवा, त्या काळात आपल्याला खरोखर काय हवे ते शोधा, आणि मग तेवढेच परत आत घ्या, अशी त्यांची रीत आहे. सोळाशेच्या वर लोकांनी ती करून पाहिली. या रीतीच्या मुळाशी त्यांनी एकांताचे मूल्य ठेवले आहे. शहराबाहेरच्या घरात राहून विचार करणारा लिंकन त्यात आहे, वॉल्डन तळ्याकाठी १८४५ साली झोपडी बांधून राहिलेला थोरो आहे.

येथे माझा या पुस्तकाशी मूलभूत मतभेद आहे. थोरोने झोपडी बांधली ती जमीन त्याचा मित्र एमर्सन याच्या मालकीची होती. ज्याला मित्राची जमीन मिळते त्याचा एकांत निवडलेला असतो आणि कंटाळा आला की तो परत गावात येऊ शकतो. आपल्या समाजाला एकांत फार मिळाला. गावकुसाबाहेर राहण्याला कोणी एकांत म्हटले नाही एवढेच. वाळीत टाकलेल्या घराला जी शांतता लाभते तिच्यावर अद्याप कोणी चिंतनपर निबंध लिहिलेला नाही. तेव्हा एकांत हे मूल्य म्हणून स्वीकारण्यापूर्वी तो कोणाच्या हातातला होता हे विचारणे आपल्याला भाग आहे.

आणि दुसऱ्या टोकाला, ज्याला घरात एकांतच मिळालेला नाही त्याचे काय? माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींचे घर एका खोलीचे आहे. त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत आजारी आजी, त्याच खोलीत वडिलांचे मित्र आणि दूरचित्रवाणी. अशा खोलीत बसलेली मुलगी कानात इअरफोन घालते तेव्हा जी भिंत उभी राहते ती तिच्या आयुष्यातली तिची पहिली स्वतःची भिंत असते. ‘द सोशल डिलेमा’मध्ये कथेसाठी एक अमेरिकन कुटुंब दाखवले आहे. जेवणाच्या टेबलावर आई सगळ्यांचे फोन एका डब्यात कुलूपबंद करते आणि धाकटी मुलगी तो डबा फोडते. प्रसंग परिणामकारक आहे. पण त्या घरातल्या मुलाला दार लावून बसता येईल अशी खोली आहे. त्याच्या हातून फोन काढून घेतला तर खोली उरते. माझ्या विद्यार्थिनीच्या हातून फोन काढून घेतला तर तिची खोली जाते.

म्हणून ती जे करते ते व्यसन नाही, असे मला म्हणायचे नाही. रात्री दोनपर्यंत रील पाहून सकाळच्या पहिल्या तासाला तारवटलेल्या डोळ्यांनी बसणारी मुले माझ्यासमोर रोज असतात. पन्नास पानांचे पुस्तक एका बैठकीत वाचणे त्यांना जड जाते हेही मी पाहते. एका खोलीच्या घरातून आलेल्या मुलाला ते अधिक महाग पडते, कारण त्याच्या पाठीशी वाचनाचा वारसा नाही, शिकवणीचे पैसे नाहीत, पहिली संधी हुकल्यावर दुसरी देणारा मामा नाही. नुकसान त्याचे अधिक आहे आणि सोडण्याची सोय त्याला कमी आहे. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत आणि मी वाचलेल्या या उपदेशपर पुस्तकांत ती एकत्र आलेली नाहीत. लॅनिअर यांना निदान इतके भान आहे की सोडता येणे हीदेखील एक सवलत आहे. परंतु भान आहे म्हणून त्यांची दहा कारणे बदलत नाहीत.

सोडता न येण्याचे अगदी साधे कारण व्यवहाराचे आहे. मी स्वतः २०२३ साली फेसबुक नि इन्स्टाग्राम बंद केले. पहिले आठ-दहा दिवस अंगठा आपोआप पडद्यावरच्या त्या रिकाम्या जागी जात असे, पुढे थांबला. त्यात फार सांगण्यासारखे नाही. व्हॉट्सॲप मात्र मला बंद करता आलेले नाही आणि येणारही नाही, कारण परीक्षेचे वेळापत्रक तेथे येते, बैठकीची सूचना तेथे येते, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख तेथे येते. एखाद्या विद्यार्थ्याने निश्चयाने फोन दूर ठेवला तर त्याची वर्षाची शिष्यवृत्ती जाऊ शकते. पूर्वी अशी सूचना कार्यालयाबाहेरच्या फलकावर लागत असे आणि फलक कोणाचे चित्त वेधून घेण्यासाठी बनवलेला नव्हता. आता सूचना वाचायला जो आत जातो त्याला गुत्त्यातूनच जावे लागते.

परंतु याहून मोठे कारण आपल्या इतिहासात आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात ‘केसरी’ने छापली नाही, हे या नियतकालिकाच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ निघाले, त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेब स्वतः लिहीत, आणि तेही दोन-अडीच वर्षांत थांबले. छापखाना, कागद, टपाल, वर्गणी या चार गोष्टींनी आपली किती नियतकालिके गिळली याची यादी करायला बसले तर हा अंक पुरणार नाही. ज्यांच्या हाती संपादकांची दारे होती त्यांना समाजमाध्यम हे एक जादा दार वाटले. ज्यांना दारच नव्हते त्यांना ते पहिले दार वाटले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, इंटरनेटचा भाव मातीमोल झाला आणि ते दार वाडीवस्तीवर उघडले. सर्वोच्च न्यायालयाच्या २० मार्च २०१८ च्या निकालाने ॲट्रॉसिटी कायद्याची धार बोथट झाली तेव्हा २ एप्रिलच्या भारत बंदची हाक मोठ्या प्रमाणावर फोनवरूनच देशभर फिरली. त्या बंदमध्ये माणसे मेली. ऑगस्टमध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला.

आणखी एक उदाहरण मला वाङ्मयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे वाटते. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला. त्याच वर्षी त्याच्या फेसबुकवरील लेखनाचे एक पुस्तक निखिला हेन्री यांनी संपादित करून इंग्रजीत प्रसिद्ध केले. समाजमाध्यमावर माणूस जे बोलतो त्याला अर्थ उरत नाही, असे लॅनिअर यांचे एक कारण आहे. ते पुस्तक त्या विधानाला दिलेले उत्तर आहे. त्या भिंतीवर एक तरुण वाचत होता, वाद घालीत होता, आपल्या राजकीय जाणिवेची घडण दिवसागणिक नोंदवीत होता. कोणत्याही प्रस्थापित मासिकाने त्याच्याकडे लेख मागितला नसता. पण हे सांगताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ते लेखन आज आपल्यापर्यंत सलग पोचते ते कोणीतरी ते भिंतीवरून उतरवून कागदावर आणले म्हणून. भिंतीवर राहिलेले लेखन दुसऱ्या दिवशी खाली सरकते, तिसऱ्या दिवशी दिसेनासे होते, आणि मालकाला वाटले तर पुसले जाते.

मालकाचा हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. टिकटॉक वापरणारे त्या वेळी देशात वीस कोटींच्या आसपास होते. शेतमजूर, बांधकामावरचे कामगार, धुणीभांडी करणाऱ्या बाया असे ज्यांना कधी कॅमेऱ्यासमोर कोणी उभे केले नव्हते असे लोक तेथे नाचत, गात, नकला करीत. पांढरपेशा वर्गाने त्यांची भरपूर टवाळी केली. अभिरुचीचा प्रश्न निघाला की तो कोणाच्या बाजूने सुटतो हे आपण जाणतोच. एका रात्रीत त्यांची सगळी माणसे, सगळी कमाई, सगळे काम गेले. देशाच्या सीमेवरच्या प्रश्नात मी येथे शिरत नाही. मला दिसते ते एवढेच की सक्तीने सोडायला लावण्याचा एवढा मोठा प्रयोग जगात क्वचितच झाला असेल. त्याने सवय सुटली का? जुलैमध्येच इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केले, सप्टेंबरमध्ये यूट्यूबचे शॉर्ट्स आले, आणि बोट होते तेथेच राहिले. गुत्ता बंद झाला तो शेजारी दुसरा उघडण्यासाठी.

मराठवाड्यातल्या आपल्या माणसाला हे गायरानाच्या उपमेने चटकन कळेल. पडीक जमीन फोडली, दगड वेचले, दोन पिके काढली, पण सातबारा आपल्या नावावर नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली नि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते या सातबाऱ्यासाठी. समाजमाध्यमावरचे खाते हे असे गायरान आहे. त्यावर आपण घाम गाळतो, माणसे जोडतो, आठवणी साठवतो, आणि पीक मात्र दररोज मालक जाहिरातदाराला विकतो. गायरान सोडून द्या असे भूमिहीनाला सांगणे क्रूर आहे. ते आपलेच आहे असे त्याला सांगणे ही फसवणूक आहे.

ही फसवणूक आपल्याकडे काही कार्यकर्ते करतात, हे मला खेदाने लिहावे लागते. माध्यम आता आपल्या हाती आले, असे वाक्य दर सभेत ऐकू येते. अत्याचाराची बातमी आली की दोन दिवस फोन पेटतात, तिसऱ्या दिवशी दुसरी बातमी येते. गुन्ह्याची नोंद झाली का, पंचनाम्यात काय लिहिले, साक्षीदार टिकले का, सरकारी मदतीचा हप्ता मिळाला का, ही कामे पडद्यावर दिसत नाहीत म्हणून त्यांना अंगठा मिळत नाही, आणि अंगठा मिळत नाही म्हणून हळूहळू ती करणारी माणसे कमी होतात. खटला आठ-दहा वर्षे चालतो. कबुतराला दर चार मिनिटांनी चोच मारण्याची सवय लागल्यावर आठ वर्षांचे काम त्याच्याकडून कसे व्हावे? आपापसातली भांडणेही मी याच संदर्भात पाहते. गटबाजी आपल्या चळवळीत पूर्वीही होती, तिला फोन जबाबदार नाही. पण पूर्वी दोन गटांना एकमेकांवर तोंडसुख घ्यायला निदान पुढल्या अंकापर्यंत थांबावे लागे आणि त्या तीन महिन्यांत कित्येकांचा राग विचारात बदलत असे.

अमेरिकेतील काही अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ च्या निवडणुकीआधी एक प्रयोग केला. काही जणांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले. त्यांचा दिवसाचा तासभर वाचला, मन किंचित स्वस्थ झाले, राजकीय कडवेपणा कमी झाला आणि बातम्यांची माहितीही कमी झाली. २०२० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. यातला शेवटचा भाग बहुतेक लेखक घाईने ओलांडतात. बातम्या कमी कळणे हे कोणाला परवडते? शेजारच्या गावात काय घडले हे वेळेवर कळणे ज्याच्या दृष्टीने सुरक्षिततेचा प्रश्न आहे त्याला ‘मन स्वस्थ झाले’ या निष्कर्षाचा उपयोग मर्यादित आहे. पण तो रिकामा झालेला एक तास मात्र मला विसरता येत नाही. दिवसाचा एक तास म्हणजे वर्षाचे तीनशे पासष्ट. आमच्या अभ्यासमंडळात बारा जण आहेत. त्यांच्या तासांचा हिशेब वाचकांनी करावा.

तेव्हा प्रश्न एकट्याने सोडण्याचा नाहीच. दारूचा अनुभव आपल्या बायकांना हे शिकवून गेला आहे. एकेका नवऱ्याला शपथ घालून काही होत नाही हे कळल्यावर त्यांनी गावचे दुकानच बंद करायला आडव्या बाटलीला मते दिली. फोनच्या बाबतीत असे काही करून पाहणारे गाव महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरातले टीव्ही नि फोन बंद राहतात. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, बोलावे. साडेआठला पुन्हा भोंगा. न्यूपोर्ट यांच्या तीस दिवसांपेक्षा या दीड तासात मला अधिक समज दिसते. त्यात कोणी एकटा शहाणा ठरत नाही, कोणाचा मागे राहून तोटा होत नाही, कारण त्या वेळात सगळेच बाहेर आहेत. गावाने निर्णय घेतला असे म्हटले की आमच्या वस्तीत आधी शंका येते, भोंगा मंदिरावर आहे म्हटल्यावर ती वाढते, आणि ती शंका ठेवलीच पाहिजे. पण एका खोलीच्या घरातल्या मुलीला दीड तास टीव्ही बंद मिळतो, ही गोष्ट त्या शंकेपुढे लहान नाही.

आमच्या मुलींच्या वसतिगृहात असा दीड तास ठेवावा अशी सूचना मी गेल्या वर्षी मांडली. मुली सरळ नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. घरून तातडीचा फोन आला तर तो कोणत्या क्रमांकावर यावा, वाचनालय त्या वेळात उघडे राहील का, आणि रेक्टरबाईंचा फोनही बंद राहणार का. पहिल्या दोन्हींची सोय झाली आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून आलेले नाही, आणि ते येईपर्यंत सुरुवात करायची नाही असे मुलींनी ठरवले आहे.